तिसरा दिवस

गुरुवारी अकरा वाजता ग्रामसभा होती. विजयमालाताईंनी सकाळच्या चहालाच सगळ्यांना बजावलं होतं की आज कुणीही गावात पाऊल टाकायचं नाही.

"किराणा मी आणते. कुणी हाक मारली तरी जायचं नाही. कुणी शिवी दिली तरी तोंड उघडायचं नाही. आज गावाला बोलायला जागा द्यायची नाही," त्या म्हणाल्या.

सगळे म्हणजे पाच माणसं. तेलगावहून धारूरकडे जाताना कारळवाडी लागते. गावाच्या अलीकडे ओढ्याच्या काठावर ताईंचं तीन खोल्यांचं घर आहे. ताई तीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. त्या तीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बघितली होती. माणूस व्यसनमुक्ती केंद्रात जायचा, महिनाभर राहायचा, तुकतुकीत चेहरा घेऊन परत यायचा. पण परत यायचा तो त्याच घरात, त्याच मित्रांत. दोन महिन्यांत पुन्हा गटारीच्या कडेला सापडायचा. उपचाराला जागा होती, उपचारानंतर राहायला नव्हती. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं घरच त्या कामाला लावलं. पहाटे उठायचं, दिवसभर काम करायचं, संध्याकाळी गोल बसून प्रत्येकानं आपला दिवस कसा गेला ते खरं खरं सांगायचं. सहा महिने असं राहायचं आणि मग आपापल्या वाटेला लागायचं. घराला नाव काही नव्हतं. गावानं ठेवलं होतं, दारुड्यांचं घर.

लखन त्या पाचांतला एक. उमापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला, वय चौतीस, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. त्याची बायको धनश्री लेकीला घेऊन माहेरी गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. घरी दोन भाऊ होते आणि दोघंही रोज पीत. लखन फार बोलत नसे. त्याची जीभ जड होती, शब्द ओले होऊन बाहेर पडत, आणि नव्या माणसाला वाटे की हा आत्ताही प्यालेलाच आहे. त्या दिवशी त्याला न पिता सत्त्याण्णव दिवस झाले होते. सभेनं घर बंद करायचं ठरवलं तर अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी जायचं कुठं, हे त्याला माहीत नव्हतं.

आणि सभा घर बंद करणार, असंच सगळे म्हणत होते. कारण घराच्या विरोधात सारजाबाई उभ्या होत्या.

सारजाबाईंचा शब्द गावात खाली पडत नसे. मागच्या वर्षी त्यांनीच दारोदार फिरून बायका गोळा केल्या होत्या, मतदान घ्यायला लावलं होतं आणि आडव्या बाटलीवर शिक्के मारून देशी दारूचं दुकान गावातून उठवलं होतं. त्यांचा नवरा दारूनं गेला होता, अकरा वर्षांपूर्वी. त्या म्हणायच्या, "बाटली आमी आडवी केली, ती काय दुसऱ्या गावचे दारुडे आणून ठेवायला?" या बोलण्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. लखनला स्वतःलाही सापडलं नव्हतं.

साडेदहाला ताई एकट्याच सभेला गेल्या. लखननं घरच्या नऊ शेळ्या सोडल्या आणि ओढ्यानं खाली नेल्या. ओढा म्हणजे गाव नव्हे, असा त्यानं मनाशी हिशोब केला. पण ओढा गावाला वळसा घालून जातो आणि त्या वळणावर काही घरांच्या मागच्या भिंती आहेत. त्यांतलं एक घर सारजाबाईंचं. शेळ्या बाभळीच्या शेंगांमागं तिकडं सरकल्या आणि त्यांना हाकायला लखन पुढं गेला. तेव्हा त्याला आवाज ऐकू आला.

घराच्या मागं पत्र्याची एक खोली होती, कापूस ठेवायची. आवाज त्या खोलीतून येत होता. कुणीतरी भराभर बोलत होतं, मध्येच हसत होतं, मध्येच विनवत होतं.

"झाडा ना... अंगावरल्या झाडा. किती मुंग्या हायत... ए, त्या माणसाला बाहेर काढा आधी!"

लखनच्या हातातली काठी खाली आली. हे बोलणं त्याला ठाऊक होतं. शब्द वेगळे होते एवढंच. त्याच्या वेळी मुंग्या नव्हत्या, भिंतीतून साप निघत होते.

त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. सारजाबाईंच्या घरामागं, सभेच्या दिवशी, आपण असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर काय होईल, हे त्याला चांगलं कळत होतं. शेळ्या वळवून निघून जावं, असं एकदा मनात आलंही. मग आतून धाडकन काहीतरी पडलं आणि तो खिडकीपाशी गेला.

आत सारजाबाईंचा मुलगा सुरज होता. तीस-एकतीस वर्षांचा माणूस. बनियन घामानं पिळून काढावं असं झालं होतं. हात कोपरापासून कापत होते आणि त्या कापऱ्या हातांनी तो हवेतून काहीतरी वेचून खाली टाकत होता. त्यानं लखनकडं बघितलं, पण त्याला दिसला तो लखन नव्हे, भलताच कुणीतरी.

"कोण हाय तिकडं?" घरातून सुरजची बायको बाहेर आली. सुकन्या. तिनं लखनला ओळखलं आणि ती दारातच थबकली. "तुमी? तुमी हितं कावून आलात? आत्याबाईला कळलं तर..."

"ताई, किती दिस झाले?"

"कशाला?"

"त्यांनी बंद करून. किती दिस झाले?"

सुरज पितो, हे गावात कुणाला माहीत नव्हतं. तो तेलगावला जाऊन प्यायचा. सोमवारी रात्री सारजाबाईंनी त्याला पकडलं होतं आणि मंगळवारी पहाटे खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं होतं. गावात सांगितलं होतं, सुरज सासुरवाडीला गेलाय. हे सगळं सुकन्यानं तुटक तुटक सांगितलं, पदराचं टोक दातात धरून.

"म्हंजी आज तिसरा दिस," लखन म्हणाला. "जेवले का?"

"कालपासून पाणी बी ठरंना. रात्रभर असंच बोलायलेत. आत्याबाई म्हणल्या, आंगातली निघायली, निघू दे. दोन दिसांत नीट होईल."

"न्हाई होणार. ताई, हे मरतेत ह्याच्यात. एकदम बंद केली की आसं होतं. दवाखान्यात न्यावं लागतंय, आत्ताच्या आत्ता. चावी कुठाय?"

"त्यांच्या कमरंला. त्या सभेत हायत." सुकन्या घरात पळाली आणि लगेच परत आली. तिच्या हातात, पदराखाली, एक क्वार्टर होती, अर्धी भरलेली. "ही त्यांचीच हाय, पिठाच्या डब्यात सापडली. एवढी दिली तर थांबंल का? माझ्यानं द्यायला हात होईना. तुमी द्या ना खिडकीतनं."

बाटली त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. झाकण सैल होतं. वास आला तसं लखनच्या तोंडाला पाणी सुटलं, जिभेखाली, आपोआप, जसं सत्त्याण्णव दिवस मधे गेलेच नव्हते. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि भिंतीला टेकवले.

"ताई, ती मागं घ्या," तो म्हणाला. "ह्यांची शुद्ध हरपलीय, पाजली तर ठसका लागून जीव जाईल. आन... माझ्यासमोर धरू नका. ओता ती."

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला काय कळायचं ते कळलं. तिनं बाटली ओढ्यात भिरकावली.

"कुलूप तोडा मग!"

दगड पायापाशीच पडला होता. लखननं तो उचललासुद्धा. पण कुलूप तोडून तरी सुरजला एकट्यानं नेणार कसा? गाडी नव्हती. सगळं गाव सभेत होतं. आणि दारुड्यानं सारजाबाईंचं घर फोडलं, एवढं एकच वाक्य सभेपर्यंत पोचलं असतं. पुढचं ऐकायला कुणी थांबलं नसतं. त्यानं दगड खाली टाकला.

"खिडकीपाशी थांबा. नाव घेऊन बोलत राहा त्यांच्याशी. एकशेआठला आत्ताच फोन लावा. मी चावी आणतो," तो म्हणाला आणि पळत सुटला.

शेळ्या तिथंच राहिल्या.

सभा समाजमंदिरात भरली होती. दीडएकशे माणसं होती आणि बायका नेहमीपेक्षा जास्त. माईक सारजाबाईंच्या हातात होता, बाहेर लिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज सगळ्या गावात जात होता. लखनला तो निम्म्या वाटेपासून ऐकू येत होता.

"आमच्या लेकीबाळींनी ओढ्यावर कसं जायचं? आज पाच हायत, उद्या पंधरा होतील. नर्सबाईचं मन चांगलं हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण दारुड्याचा भरवसा धरून मी एकदा घर बुडवलंय. दुसऱ्यांदा गाव बुडवायचं न्हाई मला."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत लखन दारात येऊन उभा राहिला. धापा टाकत, घामाघूम, चपला कुठंतरी सुटलेल्या.

टाळ्या थांबल्या. सरपंच विजयसिंह खुर्चीतून उठले. उंचेपुरे, जमीनदार घरातले, आवाज चढवायची गरज न पडणारे. "तुला हितं कुणी बोलावलं बे?"

"साहेब, मला... ताईंशी बोलायचंय," लखन म्हणाला. धापेमुळं जीभ आणखीच जड झाली होती.

"ऐकलं का?" मागून कुणीतरी ओरडलं. "पिऊन आलाय! बोलणं ऐका त्याचं!"

"सभेच्या दिवशी बी!"

दोघं-तिघं त्याच्या अंगावर आले. एकानं कॉलर धरली. विजयमालाताई उठल्या, पण मधे माणसं होती. विजयसिंहांनी हात वर केला, चालत लखनसमोर आले आणि म्हणाले, "तोंड उघड. फुंक."

भर सभेत, सगळ्या बायकांसमोर, लखननं तोंड उघडलं आणि फुंकलं. विजयसिंह जवळ वाकले होते. ते सरळ झाले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पिलेला न्हाई," ते म्हणाले. ते असं म्हणाले, जणू त्यांनाच ते आवडलं नव्हतं.

तेवढ्यात ताई पोचल्या. लखननं त्यांच्या कानात चार वाक्यं सांगितली. ताईंचा चेहरा बदलला. त्यांनी एकच विचारलं, "बरळतोय? डोळ्यांना दिसतंय काही?" लखननं मान हलवली. ताई सरळ सारजाबाईंकडं गेल्या.

"सारजाबाई, चावी द्या," त्या हळू म्हणाल्या. "माझ्याबरोबर चला. बाकी नंतर बोलू."

पण माईक चालूच होता. कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं : चावी द्या.

सारजाबाईंनी माईक छातीशी धरला. "कसली चावी?"

"तुम्हाला माहितीय."

"मला काय बी माहीत न्हाई. माझा सुरज सासुरवाडीला गेलाय." त्यांनी स्वतःहून मुलाचं नाव घेतलं, आणि घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सभेत कुजबुज झाली. त्यांचा आवाज चढला. "सभा मोडायला आलाव का तुमी? घर जातंय म्हणून माझ्या घराची बेअब्रू करताव?"

ताईंनी लखनकडं बघितलं. त्याला सांगून टाकता आलं असतं. तुमचा पोरगा पितो, तुम्ही त्याला कोंडलाय, मी डोळ्यांनी बघून आलोय. सगळ्या गावासमोर या बाईचं नाक कापलं गेलं असतं आणि कदाचित घरही वाचलं असतं. पण हट्टाला पेटलेली बाई नाहीच म्हणत राहिली असती, आणि तिकडं वेळ चालला होता. तो त्यांच्यासमोर गेला.

"मावशी, मी तुमच्या घराचं काय बी बोलत न्हाई," तो म्हणाला. "माझं सांगतो. दोन मिनिटं ऐका. माझ्या भावांनी मला असंच... स्वता पीत व्हते तरी मला गोठ्यात दावणीला बांधलं व्हतं. दारू सुटावी म्हणून. वाईट मनानं न्हाई, मायेनंच. पयल्या दिशी हात कापले. दुसऱ्या दिशी घाम. तिसऱ्या दिशी भिंतीतून साप निघाया लागले. मी वरडायचो, ते म्हणायचे निघायली आंगातली, निघू दे."

सारजाबाईंची पापणी हलली नाही. पण कालपासून आपणच सुनेला म्हणत असलेलं वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

"मग झटका आला. दातात जीभ गेली. लोक म्हणतेत मी पिऊन बोलतो." लखननं जीभ बाहेर काढली. डावीकडचा तुकडा नव्हता. कडा पांढुरकी, वेडीवाकडी शिवलेली. जवळच्या दोन बायकांनी तोंड फिरवलं. "मी वाचलो, कारण शेजारी एक मास्तर व्हता, त्यानं गाडीत घालून नेलं. डॉक्टर म्हणला, तासभर उशिरा आणला असता तर मढं आणलं असतं. मावशी, मला घर नको तुमच्या गावात. आजच जातो. तेवढी चावी द्या."

सारजाबाईंचा डावा हात कमरेकडं गेला. चावी काढायला की झाकायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. कर्ण्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि चालू लागल्या. दारापर्यंत चालत गेल्या. दाराबाहेर पडल्या आणि पळायला लागल्या. साठीची बाई, नऊवारीचा काष्टा सावरत, भर रस्त्यानं पळत होती आणि तिच्यामागं ताई, लखन आणि निम्मी सभा.

ओढ्याच्या बाजूनं सुकन्याची किंकाळी आली तेव्हा सारजाबाई घरापासून पन्नास पावलांवर होत्या.

कुलूप उघडायला सारजाबाईंचे हात वळेनात. चावी दोनदा खाली पडली. शेवटी लखननं ती घेतली आणि दार उघडलं. सुरज जमिनीवर पडला होता, सगळं अंग लाकडासारखं ताठ होऊन उडत होतं, ओठांतून फेस येत होता आणि तोंड निळं पडलं होतं.

"बाहेरचं हाय हे!" कुणीतरी म्हणालं. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल काढून त्याच्या नाकाला लावायला पुढं आलं, एकानं दातात चमचा घालायला घेतला.

"सरका!" ताई ओरडल्या. इतक्या मोठ्यानं त्यांना गावानं कधी ऐकलं नव्हतं. "तोंडात काही घालायचं नाही. लखन, कुशीवर घे त्याला. डोक्याखाली काहीतरी दे. धरून दाबू नका, नुसतं आपटू देऊ नका."

लखननं सुरजला कुशीवर वळवलं आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. सुरजचं अंग ढिलं पडायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं सारजाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात तोंडावर, आवाज न करता.

"एकशेआठ म्हणतेत पाऊण तास लागंल," सुकन्या रडत म्हणाली. "गाडी दुसरीकडं गेलीय."

विजयसिंह गर्दीत मागं उभे होते. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि वळले. पाच मिनिटांत त्यांची जीप ओढ्यात उतरून घराच्या मागं येऊन उभी राहिली. मागची सीट पाडून त्यावर गोधडी टाकली. सुरजला निजवलं, एका बाजूला लखन, दुसऱ्या बाजूला सारजाबाई, पायाशी ताई. विजयसिंह स्वतः चालवायला बसले. सुकन्या लहान लेकरासाठी मागं राहिली.

अंबाजोगाईपर्यंत सव्वा तासाची वाट. धारूरच्या घाटात सुरजला दुसरा झटका आला. वळणावर गाडी थांबवता येईना. लखननं गुडघे सीटला रुतवून त्याला कुशीवर धरून ठेवलं, तोंडातला फेस आपल्या बाहीनं पुसत राहिला आणि एकच बोलत राहिला, "सुरजभाऊ, श्वास घ्या. श्वास घ्या." ताई घड्याळाकडं बघत होत्या. झटका थांबला, पण सुरजला शुद्ध आली नाही. फक्त छाती वरखाली होत होती, ओढत, घरघरत.

घाट संपला तेव्हा सारजाबाई पहिल्यांदा बोलल्या. लखनकडं न बघता, मुलाच्या पायावर हात ठेवून.

"ह्याचा बाप असाच गेला."

ताईंनी घड्याळावरून नजर उचलली.

"लोकांना मी सांगितलं दारूनं गेला. पण चार दिस झाले व्हते त्याला सोडून. मीच सोडायला लावली. देवापुढं शपथ घातली, घरातनं हलू दिला न्हाई. चवथ्या दिशी असंच बरळायला लागला, मला वळखना. लोक म्हणले बाहेरचं झालं. धर्मापुरीकडं एक जाणता भगत व्हता, त्याच्याकडं न्यायला निघालो. वाटंतच गेला." त्या थांबल्या. "म्हंजी मी... नर्सबाई, तुमी सांगा. तुमी तवा हुता ना उपकेंद्रात. म्हंजी त्याला मीच..."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, सारजाबाई," ताई म्हणाल्या. "मी सांगायला पाहिजे होतं गावाला. मीही नाही सांगितलं. तेव्हा कुणी दारू सोडतोय म्हटलं की आम्ही नुसती शाबासकी द्यायचो."

उरलेली वाट सारजाबाई मुलाचे तळपाय चोळत राहिल्या. आरशात विजयसिंहांचे डोळे दोनदा मागं वळले आणि परत रस्त्यावर गेले.

सरकारी दवाखान्यात सुरजला लगेच आत घेतलं. सलाईन लागलं, सुया झाल्या, हातपाय पट्ट्यांनी पलंगाला बांधले. तरुण डॉक्टरनं ताईंकडून सगळं ऐकून घेतलं. "आजची रात्र बघू," तो म्हणाला, "आत्ता काही सांगता येत नाही." विजयसिंह सुकन्याला आणायला परत गेले. ताई वॉर्डात थांबल्या. सारजाबाईंना आत बसू देईनात, म्हणून त्या बाहेर व्हरांड्यात भिंतीशी बसल्या.

ताईंनी लखनला खाली पाठवलं, पाण्याच्या बाटल्या आणि एक चादर आणायला. दुपारचे चार वाजले होते. तो फाटकाबाहेर पडला. सकाळपासून जे धरून ठेवलं होतं ते आता सुटत होतं. शर्टाची बाही सुरजच्या फेसानं कडक झाली होती. आणि रस्त्यापलीकडं, मेडिकलच्या शेजारी, दुकान होतं. जाळीचा काउंटर, त्याच्यापुढं तीन माणसं. एक जण बाटली शर्टात घालून निघाला, अगदी सहज, दूध नेल्यासारखा.

खिशात ताईंनी दिलेले पैसे होते. कुणी ओळखीचं नव्हतं. आज तरी चालेल, असं आतून कुणीतरी म्हणालं, समजुतीच्या सुरात. आज तू एका माणसाला वाचवलंस. घर तर जाणारच आहे. कुणासाठी राहायचंय?

तो रस्त्याच्या मधल्या दुभाजकापर्यंत गेला.

तिथं किती वेळ उभा होता हे त्याला नंतर आठवलं नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, शिवी दिली. मग तो वळला आणि आल्या वाटेनं, पाणी न घेता, चादर न घेता, जिन्यानं वर गेला. ताई आत होत्या. व्हरांड्यात फक्त सारजाबाई. तो त्यांच्यापासून दोन हातांवर खाली बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मला घटकाभर एकटं सोडू नका."

"कावून? काय झालं?"

"खाली दुकान हाय."

सारजाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्याचे हात बघितले, मांडीखाली दाबून धरलेले. आजवर असं त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. नवरा लपवायचा, मुलगा लपवायचा. पितो कसा ते त्यांनी खूप बघितलं होतं. न प्यायला काय लागतं, हे कुणी त्यांना समोर बसून दाखवलं नव्हतं.

त्यांनी आपली पिशवी उचलून पलीकडं ठेवली. "हितं बस. जवळ."

तो सरकला. त्यांनी त्याचं मनगट धरलं, घट्ट, बोटं रुतेपर्यंत.

"आता बोल कायतरी," त्या म्हणाल्या. "लेकरू हाय का तुला?"

"लेक हाय. सायली. सात वर्षांची."

"साळंत जाती?"

"दुसरीत. आजोळी हाय. मला बघितलं की घरात पळती."

"पळंल नाही तर काय करंल. पुढं सांग."

लखन सांगत गेला. जड जिभेनं, अडखळत. लेक चालायला कधी लागली, मेंढरांच्या मागं कशी पळायची, कोकराला काय नाव ठेवलं होतं. सारजाबाई मधे मधे विचारत राहिल्या. चहावाला आला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं कप घेतला, उजव्या हातानं मनगट सोडलं नाही. तासाभरानं ताई बाहेर आल्या, दोघांना बघून तिथंच थांबल्या आणि स्वतःच चादर आणायला खाली गेल्या.

सुरज वाचला. तिसऱ्या दिवशी त्यानं आईला ओळखलं आणि पाणी मागितलं. अकराव्या दिवशी त्याला सोडलं. उजव्या हाताचा कापरा मात्र राहिला, अजूनही आहे.

मोडलेली ग्रामसभा महिन्यानं पुन्हा भरली. सारजाबाई उठल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्या आता घराच्या बाजूनं मोठं भाषण करतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. सुरज कुठं होता आणि त्याचा बाप कसा गेला. माईकवर सांगितल्या, कर्णा चालू ठेवून. सांगताना मधे त्यांचा आवाज गेला, तेव्हा पाणी प्यायल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाल्या, "घर राहू द्या. मी स्वतः रोज जाऊन बघीन. काय वावगं दिसलं तर पयली मीच कुलूप लावीन." हात वर झाले ते मोजावे लागले. विरोधातही पुष्कळ होते. विजयसिंहांनी कुठल्याच बाजूला हात वर केला नाही, पण निकाल लिहून त्याखाली सही केली. एका वर्षासाठी परवानगी, त्यानंतर पुन्हा विचार.

सुरजला त्याच घरात ठेवायला ताईंनी नकार दिला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या मित्रांपासून हाकेच्या अंतरावर, माणूस टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याला लातूरकडच्या अशाच एका घरी पाठवलं. तिथून तो दोन महिन्यांनी पळून आला, पोळ्याच्या दिवशी प्याला आणि सारजाबाईंनी त्याला न मारता, न कोंडता, दुसऱ्या दिवशी एसटीनं परत नेऊन सोडला. आता तिथं आहे. सुकन्या दर पंधरवड्याला भेटून येते.

लखन दिवाळीपर्यंत राहिला. धनश्री एकदा येऊन घर बघून गेली, लेकीला आणलं नाही. ती अजून पूर्ण वळलेली नाही. पण फोन घेते.

सारजाबाईंना आता शेजारच्या गावांतून बोलावणी येतात, बाटली आडवी कशी केली ते सांगायला. त्या जातात, सगळं सांगतात आणि मग शेवटी बायकांना एक काम लावतात. दुकान ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसापासून पाच दिवस गावातल्या प्रत्येक पिणाऱ्या घरी सकाळ-संध्याकाळ जायचं. हात कापतायत का बघायचं. घाम, झोप, बोलणं बघायचं. शंका आली तर आधी गाडी, मग बाकी सगळं. परवा एका गावात एक तरुण बाई उठून म्हणाली, "पण मावशी, त्यांनी दारच उघडलं न्हाई तर?"

"तर दारात बसायचं," सारजाबाई म्हणाल्या. "उघडंस्तोवर बसायचं."